भिंगरी आणि तापणारा ड्रोन

अमुक एक गोष्ट होणार नाही असं कुणी म्हटलं, की भिंगरी नाकाचा शेंडा खाजवायची आणि कामाला लागायची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून थोरल्या भावानं तिला हे नाव ठेवलं. पन्नाशी उलटली तरी ते काही सुटलं नाही.

दादाचा धंदा धुराड्यांचा. कारखान्यांची उंच धुराडी चढायची, काजळी खरवडायची, भेगा शोधून बुजवायच्या. वडिलांनीही जन्मभर तेच केलं. शाळा सुटली की भिंगरी धुराड्याच्या पायथ्याशी उभी राहून दोर धरायची. वर जायचा हट्ट तिनं कितीदा तरी केला, पण दादा म्हणायचा, "तू वर आलीस तर खाली दोर कोण धरणार? तुझ्या शाळेतल्या बाई?"

मोठेपणी ती एका फोटो स्टुडिओत लागली आणि कॅमेऱ्यात रमली. स्टुडिओला टाळं लागलं त्याच वर्षी दादा पडला. गुडघ्यात धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी शिडीचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं. दादा घरात भिंतीला टेकून दिवस काढू लागला, वहिनीशी भांडू लागला. तेव्हा भिंगरीनं तळहाताएवढा ड्रोन घेतला. डोळ्यांवर गॉगल चढवला की ड्रोनच्या कॅमेऱ्यासमोरचं सगळं आपल्याला दिसतं, जणू आपणच त्यात बसून उडतोय.

"आता मी वर जाते," ती म्हणाली. "तू खाली थांब."

"हे चिलट धुराड्यात जाणार?" दादा हसला. पण प्रत्येक कामाला तिच्याबरोबर आला, आणि येताना दोराची जुनी पिशवी खांद्याला अडकवूनच आला.

बाहेरून धुराडी तपासायची दोन-तीन कामं बरी झाली. मग साबणाच्या कारखान्याचं बोलावणं आलं. तिथलं धुराडं एका बाजूनं ओलसर, काळं पडलं होतं. आतलं विटांचं अस्तर फुटलंय का, ते पाहायचं होतं. बॉयलर बंद ठेवून धुराडं थंड केलेलं होतं. राख काढायच्या खालच्या दारातून ड्रोन आत न्यायचा आणि सरळ वर चढवायचा, इतकंच काम.

धुराड्याच्या माणसांचा एक नियम असतो: आत नेशील ते गुंडाळून ने. कंदील, डबा, नाक, कान, सगळ्याला फडकं. काजळी कशातही शिरते. भिंगरी याच नियमात वाढलेली. ड्रोनमध्ये व्हिडिओ ट्रान्समीटर असतो. कॅमेऱ्याचं चित्र गॉगलपर्यंत पोचवणारी ती नखाएवढी पाटी. भिंगरीनं तिच्याभोवती मायेनं फोम लावला आणि वरून चिकटपट्टीचे वेढे दिले.

बॅटरी जोडून ड्रोन दाराशी ठेवला, तोच मॅनेजर आले. कारखान्यात काम सुरू करण्याआधी सुरक्षेचे नियम मोठ्यानं वाचायची त्यांची पद्धत होती. हेल्मेट, हातमोजे, आगीची घंटा, सगळं सावकाश वाचून झालं. ड्रोन तेवढा वेळ चालूच होता.

शेवटी तो आत शिरला आणि वर चढला. अर्ध्या उंचीवर गॉगलमधल्या चित्रात मुंग्या आल्या. मग नुसत्या मुंग्याच उरल्या. भिंगरीला काही दिसेना. आतून खडखड असा आवाज आला आणि ड्रोन राखेत येऊन पडला.

मॅनेजर म्हणाले, "ताई, परवा बॉयलर पेटवायलाच हवा. उद्या काहीतरी करा."

"उद्या मी चढतो," दादा म्हणाला.

"गुडघ्याचं काय?"

"गुडघा माझा आहे. आणि तुझ्या चिलटाला पाहूनच घेतलं आपण."

भिंगरी नाक खाजवत राहिली. पडलेला ड्रोन उचलताना तिच्या बोटाला चटका बसला होता, आणि तो पंख्यांच्या मोटारींचा नव्हता.

घरी येऊन तिनं तुटलेली पाती बदलली, ड्रोन टेबलावर ठेवून बॅटरी जोडली आणि गॉगल लावला. चित्र स्वच्छ होतं. थोड्या वेळानं मुंग्या आल्या. बॅटरी काढली, ट्रान्समीटर निवू दिला, टेबलफॅन लावला, पुन्हा बॅटरी जोडली. या खेपेला चित्र खूप वेळ टिकलं, पण गेलंच. आता ही गुंडाळी सोडावी की नाही? सोडली तर काजळी शिरेल.

वहिनी भाजी निवडता निवडता सगळं पाहत होती. "अगं, तापलेल्या पोराला गोधडीत गुंडाळून वर पंखा लावतेस होय? ताप उतरणार कसा?"

भिंगरीनं कात्री घेतली. चिकटपट्टी गेली, फोम गेला. ट्रान्समीटरवर तिनं उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावून खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी घट्ट बसवली. उघड्या सर्किटवर पारदर्शक लाखेचा पातळ हात दिला, म्हणजे काजळीपासून आडोसा झाला आणि ऊबही कोंडायला नको. ड्रोनच्या झाकणाला पुढून-मागून भोकं पाडली. उडताना वारा एकीकडून शिरावा, दुसरीकडून निघावा. अँटेना सैल झाला होता, तो आवळला. अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर तो स्वतःच जळतो, हे तिला ठाऊक होतं. शेवटी सेटिंग बदललं: जमिनीवर असताना कमी ताकद, वर चढल्यावरच पूर्ण.

"आणि मॅनेजर बोलत असताना?" वहिनीनं विचारलं.

"ते बोलू देत. बॅटरी त्यांच्यानंतर."

तेवढ्यात आतल्या खोलीतून दादा बाहेर आला. कमरेला चढायचा पट्टा बांधून पाहत होता. पोट सुटल्यानं पट्टा एक भोक पुढे लावावा लागला. वहिनीनं भाजीचं ताट खाली आपटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भिंगरीनं मान वर केली नाही. म्हणाली, "पट्टा बांधून ये. पण आधी माझं चित्र जाईपर्यंत थांबायचं. कबूल?"

"कबूल. गेलं की मी चढणार."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नियम वाचले. भिंगरी सगळं ऐकून घेत होती. बॅटरी तिच्या खिशात होती. वाचन संपल्यावर तिनं ती जोडली. चित्र तपासायला क्षणभर थांबावंच लागलं, तेव्हा दादा कमरेचा पट्टा करकरवत खाली वाकला आणि आपल्या टोपीनं ड्रोनला वारा घालू लागला.

"बघतेस काय? उडव," तो म्हणाला. भिंगरी हसली आणि ड्रोन आत शिरला.

दादाच्या हातात एक छोटा पडदा दिला होता. गॉगलमधलंच चित्र त्यावर दिसत होतं. विटा खाली सरकत होत्या. काल जिथं मुंग्या आल्या ती जागा मागे पडली. चित्र स्वच्छ.

"थांब, थांब! डावीकडे काहीतरी आहे."

"थांबता येत नाही, दादा. हलतं राहिलं तरच गार राहतं. एक फेरी मारून परत आणते."

"बरं. आण."

ड्रोन गोल फिरून परत आला. अस्तरात हातभर भेग होती. तिच्या शेजारून भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या वर गेल्या होत्या, ज्यांवर पाय ठेवून दादा जन्मभर अशी धुराडी चढला. तिथल्या पायऱ्यांची मुळं गंजून गेली होती. दोन तर भिंतीतून सुटून नुसत्या लोंबत होत्या.

दादानं पडदा डोळ्यांजवळ नेला. "या पायऱ्या सुटल्यात हे मला खालून दिसलं नसतं," तो म्हणाला. "पाय ठेवल्यावरच कळलं असतं."

भिंगरीनं ड्रोन आणखी वर चढवला. ती शेंड्यापर्यंत गेली, उरलेलं अस्तर पाहिलं आणि उतरू लागली. चित्र शेवटपर्यंत टिकलं. मॅनेजर लगेच फोनवर बाहेरून परांची बांधायचं बोलू लागले.

ड्रोन दाराबाहेर येऊन टेकला. पाती थांबली, म्हणजे वाराही थांबला. भिंगरीच्या डोळ्यांवर अजून गॉगल होता. ती ओरडली, "बॅटरी! बॅटरी काढ आधी!"

दादानं कमरेचा पट्टा सोडून बाजूला टाकला, चांगल्या गुडघ्यावर बसला आणि बॅटरी उपटली. मग त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर त्यानं हळूच बोट टेकवलं. बोट तिथंच राहिलं.

"कोमट आहे," तो म्हणाला.