इंजिनातलं मीठ

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. तिजोरीची चावी कुठे असते, रागाच्या भरात कुणाची कॉलर धरली, कुणाला काय बोलून बसलो, सगळं. एवढी एक गोष्ट तिच्यापर्यंतही गेलेली नाही. तुम्हाला सांगतोय. का तुम्हालाच? तुम्ही माझ्या आवारात कधी आला नाहीत, म्हणून असेल.

मी रत्नागिरीत जुनी इंजिनं विकतो. मोडीतल्या गाड्या घ्यायच्या, इंजिन उतरवायचं, चालतं करायचं, विकायचं. एका उसन्या पान्यावर सुरुवात केली, आज स्वतःचं आवार आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक भावावरून भांडतं, मी भांडतो, ते फाटकापर्यंत जातं, मी हाक मारतो. मला हे आवडतं. जो माझ्याशी भांडतो त्याला मी माझ्या बरोबरीचा मानतो, आणि बरोबरीच्या माणसाला मी फसवत नाही. पण जो भांडतच नाही — त्याचं काय?

थांबा. आधी चाखण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या किनाऱ्यावर एकच इंजिन जीपमध्येही चालतं आणि मासेमारीच्या होडीतही. होडीत ते थंड ठेवायला पुष्कळ जण थेट समुद्राचंच पाणी आत फिरवतात. काही वर्षांत मीठ लोखंड खातं, आतल्या पाण्याच्या वाटा बुजतात. बाहेरून राखाडी रंग मारला की कुणाला कळत नाही. असं इंजिन पुन्हा गाडीत घातलं तर सपाटीवर गुमान चालतं आणि मोठ्या चढावर उकळतं. म्हणून आमच्याकडे जुनं इंजिन घेताना पाणी सोडायचा खालचा बोल्ट काढतात, आतला गंज बोटावर घेतात आणि जिभेला लावतात. खारट लागलं, तर होडीचं. नुसतं लोखंड लागलं, तर गोड्या पाण्याचं, म्हणजे गाडीचं.

हे मला आयटीआयमध्ये नार्वेकर सरांनी शिकवलं. आणि त्याच सरांनी माझा जॉब, म्हणजे वर्गात हाताने घडवलेला तुकडा, भंगारच्या डब्यात टाकला होता.

तीन दिवस कानस चालवून मी एक चौकोनी तुकडा घासला होता. सरांनी काटकोन तपासायला गुण्या लावला, फटीतून उजेड बघितला, आणि अख्ख्या वर्गासमोर तो तुकडा डब्यात फेकला. "सुऱ्या, तू भंगारातच शोभशील." पोरं हसली. ठण्ण झालेला तो आवाज मला आजही ऐकू येतो. हसण्यासारखं आहे, नाही? भंगारातच पुढे आलो मी. पण प्रत्येक नवं यंत्र आवारात आलं की मनात म्हणायचो — बघा, सर.

सर रिटायर झाले आणि त्यांनी घरी गाडी बांधायला घेतली. अंगणातल्या मांडवात, स्वतः पाइप वाकवून, स्वतः वेल्डिंग करून. वरचं फायबरचं अंग मिरकरवाड्याच्या हसनभाईंनी ओतलं, जे एरवी होड्या ओततात. हसनभाई सगळ्यांना सांगायचे, "मास्तरांची गाडी भाट्याच्या खाडीत सोडा, तरंगली नाही तर माझं नाव बदला." सहा वर्षं चाललं होतं ते. गाडी माईंसाठी होती, सरांच्या बायकोसाठी. माईंचे गुडघे वाकत नव्हते. रिक्षात बसवत नव्हतं, जीपमध्ये चढवत नव्हतं. सरांनी घरातल्या त्यांच्या खुर्चीची उंची मोजून गाडीची सीट बसवली होती. याच गाडीतून त्यांना माहेरी न्यायचं, वेळणेश्वरला. आरे-वारेच्या रस्त्याने, जयगडला फेरीबोटीत गाडी घालून. माई म्हणायच्या, "मी आहे तोवर करा म्हणजे झालं."

आधी त्यांनी एका लहान गाडीचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. हलकं होतं, पण चढावर दम नव्हता. म्हणून डिझेल शोधत माझ्याकडे आले.

माझ्याकडे तेव्हा त्यांना हवं तसंच डिझेल इंजिन होतं. एक नव्हे, दोन, शेजारी शेजारी ठेवलेली. एक अपघातातल्या जीपचं, निरोगी. दुसरं होडीचं, मीच रंगवलेलं, एखाद्या होडीवाल्यासाठी ठेवलेलं. बाहेरून जुळे भाऊ.

सर स्टुलावर बसले. वहीत इंजिनाचं वजन, पुढच्या चाकांवरचा भार, रेडिएटरचं माप — सगळं लिहून आणलं होतं. चहा आला. म्हणाले, "साखर घातली काय, न घातली काय. त्या साथीच्या तापात चव गेली ती गेलीच बघ." मी भाव सांगितला, मुद्दाम चढा. वाट बघत होतो मी. तीस वर्षं ज्या माणसाशी एकदा बरोबरीने भांडायचं होतं तो समोर बसला होता. आणि ते काय म्हणाले? "तू सांगशील तो."

भांडलेसुद्धा नाहीत.

मग माझ्याकडे बघून हसले. "कानसकामात तुझा हात फार चांगला होता, सुऱ्या. होता ना?"

विसरले होते. तो तुकडा, तो डबा, हसणारी पोरं. मी जे रोज उराशी धरून झोपलो ते या माणसाच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहिलं नव्हतं. राग आला असं म्हणू? राग मला रोजच येतो, मी ओरडतो आणि तो जातो. हे तसं नव्हतं. हे थंड होतं.

मी त्यांना होडीच्या इंजिनापाशी नेलं. जीपच्या इंजिनावर ताडपत्री ओढली — तेही माझ्याच हातांनी.

सरांनी सवयीने खालचा बोल्ट काढला. बोटावर गंज घेतला, जिभेला लावला आणि थांबले. कळत नव्हतं त्यांना काही. लाजल्यासारखे हसले आणि तेच बोट माझ्यापुढे केलं. "तू बघ रे. माझी जीभ मेली."

मी बोल्टाच्या भोकातला गंज घेतला. चाखला. मिठागरच होतं ते. घशापर्यंत खारट झालं.

"गोडं आहे, सर," मी म्हटलं.

त्यांनी वहीत लिहिलं आणि माझी पाठ थोपटली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय. इंजिन बसलं. अंगणात चाललं, भाट्यापर्यंत जाऊन आलं. माईंनी हॉर्न वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, हा हॉर्न की बंदरावरचा भोंगा?" आणि एका सकाळी माई हिरव्या काठाचं लुगडं नेसून, मांडीवर देवाचा नारळ घेऊन निघाल्या. आरेच्या चढावर इंजिन उकळलं. वाफ, मग एक कडक आवाज, मग काही नाही. सरांनी फोन मलाच केला. दुसऱ्या कुणाला करणार?

मी क्रेन घेऊन पोचलो तेव्हा माई कठड्यावर उन्हात बसल्या होत्या, पाय सरळ समोर ठेवून, नारळ तसाच मांडीवर. पर्यटक उतरून गाडीचे फोटो काढत होते. एक जण हसत विचारत होता, "आजोबा, चायनाची का?" मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण मग बाकीचं तरी कशाला लिहितोय? त्या उन्हात, त्या हसण्यात, मला बरं वाटलं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर ती एका दुपारची दुष्टाई झाली असती. मी थांबलो नाही. गाडी त्यांच्या अंगणात न नेता माझ्या आवारात आणली, कारण सरांनी इंजिन उघडलं असतं तर आतलं मीठ डोळ्यांना दिसलं असतं. मीच उघडलं. त्यांना फक्त जळलेलं गॅस्केट दाखवलं आणि म्हटलं, "सर, रेडिएटर लहान पडला. हिशेबात कुठेतरी चुकलं असेल."

तो हिशेब त्यांचा होता. आणि बरोबर होता.

सरांनी तीन दिवस वही उलटी-सुलटी केली. तिसऱ्या दिवशी त्यांना चूक सापडली. नसलेली चूक सापडली हो त्यांना! मला आणून दाखवली, बोट ठेवून. मी मान डोलावली. ताडपत्रीखालचं इंजिन तेव्हा आमच्यापासून चार हातांवर होतं. मी म्हटलं, "दुसरं बघू का एखादं?" ते म्हणाले, "नको. माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. माईला परत असं रस्त्यात बसवायचं नाही." मी आग्रह केला नाही.

गाडी मोडीत काढायची ठरली, आणि सांगाडा मीच गॅसने कापला. सर उभे राहून बघत होते. पाइपचे तुकडे भंगारच्या ढिगावर पडत होते आणि प्रत्येक तुकड्याचा आवाज मी ऐकत होतो. फायबरचं अंग हसनभाईंच्या शेडबाहेर उलटं पडलंय, त्यावर कोंबड्या बसतात. माई पुढच्या वर्षी गेल्या. वेळणेश्वर राहिलं ते राहिलंच. आणि ते इंजिन? दुरुस्त करून हर्णेच्या एका होडीवाल्याला विकलं. होडीचं आहे, खाऱ्या पाण्यातलं, असं त्याला आधीच सांगितलं. तिथे खरं बोलण्यातच फायदा होता.

सर अजून येतात. घरी कुणी नाही, म्हणून आवारात स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले देतात. परवा गुहागरचे दोघे भाऊ जीपचं इंजिन बघायला आले होते. मी बोल्ट काढून चाखायला गेलो, तेव्हा एक भाऊ म्हणाला, "आम्हीच बघतो." सर त्याच्यावर डाफरले.

"अरे, त्याला बघू दे. माझा विद्यार्थी आहे तो. माझा हिशेब चुकेल, ह्याची जीभ नाही चुकायची."

दोघे बाजूला झाले. मी चाखलं.