पासिंगकाका

आमचे घरमालक माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचं पासिंग विचारत. ट्रकवाल्यांच्या भाषेत पासिंग म्हणजे गाडीला किती टन माल वाहायची परवानगी आहे तो आकडा. मांडवातला नवरदेव असो, नवा भाडेकरू असो, की शेजारच्या दिवाळे गावाहून मासळीची पाटी घेऊन जिना चढणारी मावशी असो, काकांच्या लेखी प्रत्येकाला काहीतरी टनेज होतं. मी खोली बघायला गेले तेव्हा माझ्याकडे आणि माझ्या दोन फुगलेल्या बॅगांकडे आळीपाळीने बघून ते म्हणाले, "पासिंग कमी, माल जास्त. जिना चढशील ना, पोरी?" बेलापूर गावातल्या त्यांच्या तीन मजली इमारतीतले आम्ही सगळे भाडेकरू पाठीमागे त्यांना पासिंगकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही असावं.

नव्या शहरासाठी सरकारने शेतजमीन घेतल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांच्या भावबंदांनी गाळे घेतले, काकांनी दोन ट्रक घेतले. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रे आणि सळया भरून ते उभं आयुष्य घाट चढले आणि उतरले. मालक असूनही त्यातल्या एका गाडीचं स्टिअरिंग त्यांनी कधी ड्रायव्हरच्या हाती दिलं नाही. मग साखर वाढली, ती डोळ्यांत उतरली, आणि लायसन्स काही पुन्हा मिळालं नाही. ट्रक विकले तेव्हा सगळं घर म्हणालं, आता भजनाला बसा. काका बसले ते कॉम्प्युटरपुढे.

तो कॉम्प्युटर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून, एकेक भाग आणून स्वतः जुळवलेला होता. त्याला प्लास्टिकचं स्टिअरिंग लावलेलं. संध्याकाळी सहा वाजले की बनियनवर बसून ते पडद्यावर ट्रक चालवत. गिअर टाकत, समोरच्याला शिव्या देत, टपरी दिसली की वेग कमी करत. काकी आतून म्हणायच्या, "पैलं डिझेलचा वास घेऊन यायचे, आता नुसता आवाज. बरा हाय, कपडे तरी धुवाला लागत नाय." काकींची थट्टा काका ऐकत नसत. त्या दोन तासांत ते बेलापुरात नसतच.

माझं आणि त्यांचं खरं सूत जमलं ते माझी नोकरी गेल्यावर. इंटिरिअरची त्रिमिती चित्रं करून देणारं आमचं ऑफिस एका शुक्रवारी बंद झालं. पुण्याच्या एका फर्मने घरून काम द्यायची तयारी दाखवली, पण अट अशी, की मशीन माझं हवं, आणि आधी एका फ्लॅटचा व्हिडिओ नमुना म्हणून करून द्यायचा. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी सकाळी दहाच्या आत. साताऱ्याहून बाबांचा फोन आला. बाबा चिडत नाहीत, ठरवतात. "त्या सोमवारपर्यंत बघ," ते म्हणाले. "नाहीच जमलं तर परत ये. शाळेत जागा आहे, मी शब्द टाकून ठेवलाय." एकदा गेले की परत येणं नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

हातात पंचेचाळीस हजार होते. तयार मशीन त्यात बसत नव्हतं. काका म्हणाले, "जुळवू. पन माज्या पद्धतीनं." त्यांची पद्धत म्हणजे प्रत्येक भागाचं पासिंग काढायचं. मी सगळ्यांसारखी आधी ग्राफिक्स कार्डावर उडी मारली, तर ते म्हणाले, "इंजिन मोठं घेशील नि डिझेल पंप लहान, मंग खंबाटकीच्या घाटात रडत बसशील." म्हणून आधी वीज पुरवणारा डबा, तोही हातात धरून वजन बघून. रॅमचे भाव रोज चढत होते, म्हणून लगोलग रॅम. मग बोर्ड कुठली रॅम घेतो, कुठल्या खाचेत कुठला प्रोसेसर बसतो, याची उलटतपासणी. कॅबिनेट घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी खिशातून कार्डाच्या लांबीचा कापलेला पुठ्ठा काढला आणि दुकानातल्या प्रत्येक कॅबिनेटमध्ये घालून बघितला. दुकानदार म्हणाला, "अंकल, सब फिट होता है." काका म्हणाले, "आमच्याकडं बी सगले असंच बोलतात, लग्नाच्या आधी."

मात्र त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. सगळे भाग येईपर्यंत एकही खोका फोडायचा नाही. "सगले पाव्हने आल्याबिगर पंगत बसत नाय." यामागे कारण होतं. एकदा त्यांनी इंजिन खोलून ठेवलं आणि एक सुटा भाग आलाच नाही, गाडी महिनाभर यार्डात उघडी पडली आणि अर्धे नटबोल्ट चोरीला गेले. त्यामुळे माझी खोकी त्यांच्या माळ्यावर सीलबंद बसली. जुनं ग्राफिक्स कार्ड देणारा माणूस आज देतो, उद्या देतो करत राहिला. कार्ड आलं तेव्हा बाकी सगळ्या वस्तू परत करायची मुदत उलटून गेली होती, आणि सोमवार एक दिवसावर आला होता.

रविवारी सकाळी काकांच्या बैठकीच्या खोलीत चटई टाकून आम्ही मशीन जुळवलं. काकींनी वरून हळदकुंकू वाहिलं, ते पंख्यात पडू नये म्हणून काकांनी हात आडवा धरला. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. रॅम काढून घातली, काळा. कार्ड काढून घातलं, काळा. अकरा वाजले, बारा वाजले.

दुपारी मोबाइलवर शोधताना उलगडा झाला. बोर्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्राम असतो, कुठला प्रोसेसर आपला ते तो ओळखतो. माझा बोर्ड दुकानात पडून जुना झालेला, आणि प्रोसेसर त्याच्या नंतर जन्मलेला. खाच तीच, पिना त्याच, सगळं चपखल बसलं होतं. पण बोर्ड त्याला दारात उभं करत नव्हता. तो प्रोग्राम नवा करायचा तर आधी मशीन चालू व्हायला हवं, आणि ते चालू व्हायला एखादा जुना प्रोसेसर हवा. दुकानदाराला फोन केला. रविवार, दुकान बंद. "मंगल को लेके आओ," तो म्हणाला.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. रडू येत होतं, पण काकींसमोर रडायचं नव्हतं. काका म्हणाले, "पयल्याच दिवशी खोका फोडला असता तर कळलं असतं. नियम माजा, मार तुला." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या मशीनचं झाकण उघडलं. त्यांच्याकडे त्याच खाचेचा जुना प्रोसेसर होता. मी म्हटलं, "काका, नको. तुमचं चालू मशीन आहे." ते म्हणाले, "चालू हाय म्हनून तर कामाचं."

प्रोसेसरवरचा पंखा सुटता सुटेना. मधला लेप वाळून सिमेंट झाला होता. काकांनी ट्रकचा नट ओढावा तसा जोर लावला आणि पंखा सुटला, पण पोटाशी चिकटलेल्या प्रोसेसरसकट. त्याच्या खालच्या बाजूला केसाएवढ्या बारीक सोनेरी पिनांचं दाट शेत असतं. त्या शेताच्या कडेच्या चार पिना आडव्या झाल्या होत्या. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, खिडकीच्या उजेडात धरला.

"सरळ हायत सगल्या," ते म्हणाले. "बसव."

आडव्या पिना मला हातभर अंतरावरून दिसत होत्या. तेव्हा मला कळलं की लायसन्स गेल्यानंतरही काकांची नजर खालावतच गेली होती, आणि गेले कित्येक महिने त्यांना नीट दिसतच नव्हतं. पुठ्ठा कापून घ्यायचा, डबा हातात तोलून बघायचा, ती नुसती पद्धत नव्हती. माझा चेहरा त्यांना दिसला नसेल, पण मी गप्प झाले ते त्यांनी ऐकलं. दाराकडे मान वळवून ते हळूच म्हणाले, "काकीला बोलू नको."

पिना मलाच सरळ कराव्या लागल्या. दाबायच्या पेन्सिलीचं शिसं काढून तिची पोकळ नळी पिनेवर चढवायची आणि श्वास धरून उभी करायची. काका टॉर्च धरून बसले होते. मी घाई करायला लागले तसे म्हणाले, "घाटात गाडी मागं सरकाय लागली, का घाबरून पाय आपटायचा नाय. हलके हात, हलके." तीन पिना उभ्या राहिल्या. चौथी उभी राहिली, पण दुखऱ्या दातासारखी हलत होती.

तो प्रोसेसर माझ्या बोर्डात बसवला, आणि पडदा उजळला. मी ओरडलेच. पण खरी परीक्षा पुढेच होती. प्रोग्राम नवा होत असताना वीज गेली किंवा नुसती दचकली, तर बोर्ड कायमचा मेला. आणि आमच्या इमारतीत पाण्याची मोटर लागली की सगळे दिवे मान टाकायचे. पाणी यायची वेळ झाली होती. वरच्या मजल्यावर बादल्या वाजायला लागल्या होत्या.

काका जिन्यात जाऊन उभे राहिले. "मोटर लावायची नाय! मिक्सर नाय, इस्त्री नाय, गिझर नाय! जो बटन दाबल त्यानं उद्या खोली खाली करायची!" वरून कुणीतरी म्हणालं, "काका, पाणी जाईल." काका गरजले, "जाऊ दे! पोरीचं पोट जातंय त्याचं काय?" पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. साठ, एकसष्ट. ट्यूबलाइट एकदा लुकलुकली, आणि मी डोळे मिटून घेतले. ते उघडायचं धाडस झालं नाही. शेवटी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला, तेव्हा काकींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिन्याकडे तोंड करून सांगितलं, "झालं ओ! सोडा लोकांना."

काकांचा प्रोसेसर काढताना ती चौथी पिन माझ्या तळहातावर पडली. तुटलेली. काका शेजारीच उभे होते.

"काय झालं?"

"काका, पिन तुटली."

"तुजी का माजी?"

"तुमची."

"मंग थांबलीस कनाला? तुजी बसव."

मी माझा प्रोसेसर बसवला. मशीन चाललं. रात्रभर जागून काम केलं, सोमवारी साडेनऊला व्हिडिओ पुण्याला गेला, आणि दुपारी काम मिळाल्याचा निरोप आला. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं. शाळेत सांगतो, नको म्हणून." मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण त्या संध्याकाळी सहा वाजले आणि माझ्या खोलीच्या वर, काकांकडे, ट्रक सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका गॅलरीत खुर्ची टाकून नुसते बसलेले असायचे. मी विषय काढला की म्हणायचे, "गाडी गॅरेजला हाय." ती शांतता मला खोलीत बसवेना.

पहिला मोबदला आला तेव्हा मी तसलाच जुना प्रोसेसर शोधून आणला आणि न विचारता त्यांच्या मशीनमध्ये बसवला. काका रागावले, मग स्टिअरिंगवरची धूळ पुसून बसले. पहिल्याच वळणावर ट्रक कठड्यावर गेला. "बरेच दिसांनी बसलो ना," ते हसून म्हणाले. दुसऱ्या वळणावरही गेला. मग ते हसले नाहीत, आणि स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मला बघवेनात. मी एक स्टूल ओढलं, त्यांच्या डाव्या हाताला बसले आणि ट्रकचा क्लीनर बोलतो तसं बोलायला लागले. "डावीकडे वळण आहे, काका. हळू. येऊ द्या, येऊ द्या… बस. आता सरळ." ट्रक घाटातून वर आला. दुसऱ्या दिवशी मी सहाला गेले, तर स्टूल आधीच मांडून ठेवलेलं होतं.

दीड वर्ष मी त्यांची क्लीनर होते. हळूहळू त्यांना पडद्यावर नुसता उजेड आणि अंधार कळायला लागला, तरी घाट चुकला नाही. मग पुण्याच्या फर्मने मला तिकडेच बोलावलं. जायच्या दिवशी टेम्पो खाली लागला होता आणि संध्याकाळचे सहा वाजले होते. मी निरोप घ्यायला गेले, तर काका स्टिअरिंगपुढे बसलेले, रस्त्याला लागलेले. मी सवयीने स्टुलावर टेकले. "पुढं काय हाय?" त्यांनी विचारलं. मी सांगत राहिले. खालून टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मला उठता येईना. मी उठले तर ते कुठे जाऊन आपटतील, हे मला दिसत होतं.

खांद्यावर हात पडला. काकी होत्या. पदराला हात पुसत त्यांनी मला डोळ्यांनीच ऊठ म्हटलं आणि त्या माझ्या जागेवर बसल्या. शेजारी कोण बसलं ते बांगड्यांच्या आवाजावरून त्यांना कळलं असणार.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुमाला कळायच्या आधी," काकी म्हणाल्या. "पुढं बगा आता. उजवीकडं घ्या."

मी चपला घालून जिना उतरायला लागले. मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून वाहत होते. वर ट्रकने गिअर बदलला, आणि काकांचा आवाज आला, "अगो, अजून येव दे? बस कवा बोलशील?"

"कनाला?" काकी म्हणत होत्या. "रस्ता मोकला हाय. येव द्या."