बोर्डाचा हुकूम आन् अव्वाची भाकरी

थांबा, हातातलं काम ठेवा, हे आत्ताच सांगायला पायजे, न्हायतर माझ्या पोटात दुखंल!

तर झालं असं. लायसन न्हाय, वय न्हाय, तरी मी दादाची गाडी काढली आन् आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका पपईवाल्याचा गाडा उलटा केला. त्याच्या पायाला लागलं. नशीब, बरा झाला. मग बाल न्याय मंडळ, म्हंजे आमच्या घरात सगळे म्हणतात ते 'बोर्ड'. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आन् सांगितलं, सुट्टीभर वृद्धाश्रमात काम करायचं. हुकूमच की!

मला वाटलं, झाडू मारायचा, फरशी पुसायची, झालं. पण मी गेले आन् लगेच तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला बार्शीला गेल्या. बाहेरून पोळ्या यायला लागल्या. सगळे खायचे, एक अव्वा सोडून. अव्वा म्हंजे अक्कलकोटकडची कानडी आजी, तिला सगळेच अव्वा म्हणायचे. पोळी बघितली की हात हलवायची, "ब्याड." नको म्हंजे नको. चहात बुडवून बिस्किट, बास. थोड्याच दिवसात तिला धरून उठवायला लागलं. मला लई भ्या वाटलं.

आश्रम सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "भाकरी पायजे तिला. मला कुटं वेळ हाय?"

मी म्हणलं, "मी करते."

"तुला येती?"

"न्हाय. पण करते."

काकू अशा हसल्या! "गाडी पण अशीच चालवली असशील."

लागलं की मनाला! घरी आईजवळ बसून थापायला शिकले. पहिली परातीलाच चिकटली. दुसरीचे तव्यावर टाकताना तुकडे. बोटं भाजली, पण सोडलं न्हाय. शेवटी एक टम्म फुगली. दुसऱ्या दिवशी आश्रमात तशीच केली. अव्वाला एक पण दात न्हाय, म्हणून मुद्दाम जाड, मऊ केलेली हां!

अव्वानं बोटानं दाबून बघितली. "ब्याड."

मला रडूच आलं. "अगं अव्वा, किती मऊ हाय! तुला दात न्हाईत म्हणून..."

"दात कशाला लागत्यात गं तंगी?" तंगी म्हंजे कानडीत धाकटी बहीण. "कडक भाकरी कर की! ती चावत न्हाईत, चुरत्यात. मऊ आजाऱ्याला देत्यात. मी आजारी हाय का?"

अहो, सोलापूरची मी! दुकानादुकानात कडक भाकरीच्या चळती रोज बघते, आन् मला हे सुचू नये?

परत पीठ मळलं. पातळ थापली, बारीक आचेवर फडक्यानं दाबत दाबत वाळवली. घामानं डोळे चुरचुरायला लागले. अव्वा दारात खुर्ची टाकून ओरडत होती, "दाब... उलट... सोड गं, जळंल!" उपाशी बाई, पण आवाज बघा!

मोडली तर कट्टकन वाजली. अव्वानं ताटात चुरली, वर आमटी ओतली, भिजू दिली आन् खाल्ली. सगळी! ताटाला बोट फिरवून म्हणली, "आमटीत मीठ कमी हाय." आन् दुसरी मागितली.

मावशी येईपर्यंत रोज मीच केली.

तुमच्यासोबत झालंय का असं? तुम्ही जीव तोडून मऊ करून न्यायचं आन् समोरच्याला कडकच पायजे असायचं? सांगा की!