पाठ बघून वाजवणारा मामा

माझा मामा इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काम करतो. ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, ती तापलेल्या रोलरखाली सरळ सोडायची आणि पलीकडून घडी करून घ्यायची. एकतीस वर्षं हेच. पण त्याच्या हातच्या चादरीला सुरकुती दिसली तर शपथ.

सुट्टीच्या दिवशी तो एका गाणाऱ्या मंडळींच्या ताफ्यात तुणतुणं वाजवायचा. काखेत लाकडी पिंप, त्याच्या बुडाला कातडं, बाजूला काठी आणि कातड्यापासून काठीवरच्या खुंटीपर्यंत एकच तार. गाणारीण पुढे, मामा मागे. टाळ्या तिला, शिट्ट्या ढोलकीवाल्याला आणि मामाला चहा. मला लहानपणापासून याचा राग यायचा. मामाला कधीच आला नाही. मग ताफा मोडला आणि तुणतुणं कपाटावर गेलं. जेवणाच्या सुट्टीत लॉन्ड्रीच्या मागच्या दारात बसून वाजवायचा, तेवढंच.

त्या दारावरून एके दिवशी एक संगीतकार चालला होता. इस्पितळातून आपल्या आईला घरी न्यायला आला होता. तो एका संगीतपटाची गाणी करत होता, गाणाऱ्या बायकांचीच गोष्ट होती. तो थबकला, ऐकलं आणि सरळच बोलला. "काका, माझ्याकडे मशीनमध्ये तुणतुण्याचा आवाज आहे. पण तुम्ही येऊन बघा. एक तास देतो. जमलं तर तुमचं ठेवू, नाहीतर मशीनचं."

मामाने आठ दिवस नवी तार लावून जुनी काढली, पुन्हा जुनी लावून नवी काढली. मामी म्हणाली, "जन्मभर तेच तुणतुणं वाजवलंत, आता जगाला ऐकवा!" पण शर्टाला इस्त्री तिनेच केली, तीही दोनदा. मामाला हे किती हवं होतं ते आम्हा दोघींना दिसत होतं. तो स्वतः मरेपर्यंत बोलला नसता.

नेलं मी. मी गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे ओरडणं हा माझा धंदाच आहे.

स्टुडिओ टायरच्या दुकानावर होता. भिंतींना स्पंज, मधे काच. गाणाऱ्या मुलीने आपलं गाणं सकाळीच गाऊन ठेवलं होतं. आता मामाने ते हेडफोनवर ऐकत वाजवायचं, मग बाकीची वाद्यं दुपारी. सोपं काम. आणि मामा चुकला. पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकला. सूर बरोबर, पण प्रत्येक ओळ सुरू होताना केसाएवढा मागे. पाचव्या वेळी संगीतकाराने घड्याळाकडे बघितलं.

मला राहवलं नाही. दार ढकलून आत गेले आणि शिकाऊ ड्रायव्हरवर ओरडते तशी ओरडले, "मामा, अरे ऐक ना नीट! कान कुठे आहेत तुझे?"

"कानाने कुठे वाजवतात?" तो रडवेला झाला होता. "पाठ दिसत नाहीये गं मला."

संगीतकार काचेपलीकडून म्हणाला, "कुणाची पाठ?"

"गाणारणीची. श्वास घेताना पाठ हलते, तेव्हाच बोट तारेवर जातं. तिचा आवाज कानात येईपर्यंत उशीर झालेला असतो, साहेब."

इतकी वर्षं हा माणूस मागे उभा होता आणि मला वाटत होतं, त्याला मागे ढकललंय.

"राहू द्या काका," संगीतकार म्हणाला. आवाज मऊ होता, पण ते 'राहू द्या' होतं. मामा तुणतुणं पिशवीत घालू लागला.

गाणारी मुलगी बाहेरच्या बाकावर बिस्किटं खात बसली होती, वीस-बावीसची असेल. मी तिला काही विचारलंसुद्धा नाही, हातच जोडले. उघड्या दारातून तिने सगळं ऐकलं होतं. तोंड पुसत ती आत गेली, आवाज नको म्हणून चपला काढल्या, बांगड्या काढल्या, हेडफोन लावला आणि मामाकडे पाठ करून उभी राहिली. "काका, मी नुसते ओठ हलवते."

संगीतकाराने एक बोट वर केलं, म्हणजे आता शेवटचं एकदाच.

तिने श्वास घेतला आणि तार बोलली. तिच्याबरोबर थांबली, तिच्याबरोबर धावली. काचेपलीकडे संगीतकार हळूच उठून उभा राहिला. मी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"ठेवलं," तो म्हणाला. "मशीनचं नको. काका, झालं तुमचं."

पण मुलगी जागची हलली नाही. "दादा, माझं पुसा."

"वेड लागलंय का? चांगलं गायलीयस!"

"एकटीच गायलेय. आता काका आहेत, मला पुन्हा गाऊ द्या."

त्याने कपाळाला हात लावला, तिच्याकडे बघितलं आणि सकाळचं गाणं पुसून टाकलं. "चला, लगेच घेऊ."

"थांबा," मामा म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने कुणाला थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. तो खुंटी सैल करत होता. "तार जरा उतरवतो. पोरीला वरचा सूर जड जातोय."

मुलगी गर्रकन वळली. "मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"तिथे आलीस की तुझे खांदे वर जातात," मामा तारेला कान लावून म्हणाला. "हं, आता म्हणून बघ. एवढा चालेल?"

तिने हळूच सूर लावला. खांदे खालीच राहिले.