पातीचं दुसरं टोक

माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणत, आणि मी ते कौतुक समजत असे. वलगावला बापजाद्यांची शेती, आवाज असा की बैलांना काठी दाखवावी लागत नसे. माणसंही मी तशीच हाकायचो. त्यात दूर अमेरिकेत कसलीशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला एकाएकी मान आला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्त्याने नुसत्या कापसाच्या गाड्या. जो तो पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, लावू लागला आणि वेचायला बाया मिळेनाशा झाल्या. अशा दिवसांत निदान त्यांच्याशी नीट बोलावं, एवढी अक्कल मला हवी होती.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा करून तिच्यावर दहीभात शिंपडायचा आणि वेचणीतून उठल्यावर उरलेला सगळ्यांनी वावरातच खायचा. त्या वर्षी दहा-बारा बाया आल्या होत्या. त्यांत एक अकोल्याकडची, नुकतीच लग्न होऊन गावात आलेली. प्रत्येकीने आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेल्या ओळी, वेचून संपवली. हिची अर्धीही झाली नव्हती. सगळ्या बसल्या, पानावर दहीभात पडला, आणि मी तोंड उघडलं.

“कापूस वेचून राहिली का मोती ओवून राहिली वं? अशानं होळीपर्यंत एक पात नाई व्हायची!”

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने हातातला घास पानावर ठेवला. मग शेजारणीने ठेवला, मग सगळ्यांनीच. उठल्या, कमरेच्या ओटीतला कापूस ढिगावर ओतला आणि चालू लागल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी कुणाला हरत नसे.

चार दिवस वावरात कोणी फिरकलं नाही. कापूस फुटून लोंबत होता, वाऱ्याने खाली पडून मातीत मळत होता. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत चालली होती. पाचव्या दिवशी नाक मुठीत धरून मी शेजारच्या वावरात गेलो. त्या बाया तिथेच होत्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी मला लहानपणापासून ओळखत होती. मी म्हणालो, “मी काई शिवी देल्ली नाई. एवढ्यासाठी काहून रागावल्या?”

ती वेचता वेचताच म्हणाली, “भाऊ, आमच्यात कोनी मांगं राहिली तं तिले बोलत नाई. आपली पात सरली का तिच्या पातीत दुसऱ्या टोकाकून शिरतो. मंधात भेट होते. कोन मांगं होती, ध्यानातई राहत नाई.” मग हनुवटीने दाखवलं, “ते पाहा तिची पात.”

मी गेलो. खांद्यावरच्या उपरण्याची ओटी बांधली आणि पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाकडून, वेचायला लागलो. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. वाळक्या बोंडांची टोकं नखांत शिरली, कंबर धरली. मालक म्हणून आयुष्य काढलं, पण एक पात किती लांब असते ते त्या दिवशी कळलं. अखेर आमच्यात दोन झाडं उरली. तिच्या ओटीतला कापूस पांढराशुभ्र होता, पाल्याचा एक कण नाही. म्हणून तिला वेळ लागत होता.

“माह्यं चुकलं, बाई,” मी म्हणालो. हे शब्द मी त्याआधी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.

तिने माझ्या ओटीत डोकावून पाहिलं. “पाला लय आला तुमच्या कापसात. उद्या तुमच्या वावरात येईन, तवा शिकवीन.”

माझा राग गेला असं नाही, तो माझ्याबरोबरच जाईल. पण पुढे भावाशी, सुनांशी, गड्यांशी बोलताना शब्द ओठांवर आला की मी आधी पातीचं दुसरं टोक शोधतो. माझं घर आज एकत्र आहे ते त्या म्हातारीमुळे आणि गावच्या त्या नव्या सुनेमुळे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मी चूक कबूल केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्या वावरात आल्या आणि मी पुन्हा दहीभात नेला. सगळ्यांना वाढला, पण कोणी पानाला हात लावेना. सगळ्या त्या अकोल्याकडच्या सुनेकडे पाहत होत्या. तिने घास घेतला, आणि मग सगळ्या जेवल्या.