एक दाणा राशीसाठी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं.

चांदा जिल्ह्यात, मूलकडच्या आमच्या गावात खळ्यावरची धानाची रास कधी पूर्ण उचलत नसत. थोडं मागे ठेवायचं, म्हणजे रास सरत नाही. गुरुजींनी त्यातून एक खेळ काढला होता. ओसरीवर लाखोळी या कडधान्याचा एक दाणा मांडायचा, तो दुप्पट करत जायचं आणि थांबल्यावर एक दाणा राशीसाठी बाजूला काढायचा. दोनदा दुप्पट केली की तीन दाणे उरत, तीनदा केली की सात, पाचदा एकतीस, सातदा एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्या. सारख्या ओळींत मांडायला गेलं की दाणे कमी तरी पडत नाहीतर उरत. चारदा केली तर पंधरा, ते मात्र पाच-पाचच्या तीन ओळींत मुकाट्याने बसत. गुरुजींनी नियम बांधला : जितक्यांदा दुप्पट केली तो आकडा मूळ, तर उरलेले दाणेही मूळ.

पुढचा आकडा अकरा. तो मांडायला घेतला की आतून त्यांच्या घरच्या बाई म्हणत, "गणित झालं असन तं लाखोळी द्या. वरण कायचं करू?"

मी नागपूरला कॉलेजात निघालो तेव्हा गुरुजी स्टेशनावर आले. गाडी हलता हलता म्हणाले, "तुझ्या प्रोफेसरले विचार बापू, हे कोणाले आधीच माहीत आहे का? नसन तं आपल्या गावचं झालं."

प्रोफेसरांना दाखवण्याआधी अकराचा आकडा करून पाहावा, म्हणून होस्टेलात बसलो. दोन हजार सत्तेचाळीस. तीन, सात, अकरा, तेरा, कशानेच भाग जाईना. तेवीसने गेला. पुन्हा भागलं, पुन्हा बाकी शून्य. म्हणजे नियम मोडला. पण तेराचं काय, हे पाहिल्याशिवाय राहवेना. आठ हजार एकशे एक्क्याण्णव. एकोणनव्वदपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिलं. त्यापुढे गरज नव्हती, कारण मोठ्या भाजकाचा जोडीदार लहान असतो आणि तो आधीच सापडला असता. एकानेही भाग गेला नाही.

मग प्रोफेसरांकडे गेलो. हे फार जुनं आहे, असं ते म्हणाले. त्या रात्री मी लिहिलं :

"तीर्थस्वरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार.

तुमचा प्रश्न विचारला. हे लोकांना आधीपासून ठाऊक आहे. शिवाय अकरावर नियम मोडतो. २०४७ दाणे तेवीस ओळींत, एकेका ओळीत एकोणनव्वद, असे नेमके बसतात. पण तेराचे ८१९१ बसत नाहीत. अकरा का फुटला आणि तेरा का टिकला, हे मला अजून कळलेलं नाही. आकडा मूळ नसेल तर दाणेही मूळ येत नाहीत, एवढं मात्र कायम खरं, असं प्रोफेसर म्हणाले.

दिवाळीत येतो. लाखोळी आमच्या घरची आणीन, बाईंची नको. तेवीस ओळी ओसरीत मावतील का, तेवढं पाहून ठेवावं."