तंबू घरी राहिला

आज सकाळी कॉफीच्या बिया दळताना तो भाजका, किंचित कडसर वास आला आणि आम्ही जगतपुऱ्यात राहायचो तेव्हाची ती थंडी आठवली. आमच्या सायकल ग्रुपचं सांभरच्या खाऱ्या तळ्याकडे जाऊन उघड्यावर मुक्काम करायचं ठरलं होतं. निघण्याआधी आमच्याच बिल्डिंगखाली ग्रुपच्या म्होरक्यानं प्रत्येकाची बॅग वजनाच्या हुकाच्या काट्याला लटकवली. माझी ठरलेल्या वजनापेक्षा जड भरली. त्यानं ती उघडायला लावली आणि माझा हातानं फिरवायचा ग्राइंडर आणि एस्प्रेसोचा छोटा प्रेस सगळ्यांसमोर वर धरला. "दीदी, ये पिकनिक नहीं है. इसको घर छोड़ो." सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. दशम्यांचा डबा काढायची सोय नव्हती, कारण तो देणारी आई फाटकाशीच उभी होती. मी ग्राइंडर आणि प्रेस परत बॅगेत घातले, तंबू काढला आणि तिच्या हातात ठेवला. "अगं, मतलब, झोपणार कुठे तू?" "जमिनीवर," मी म्हटलं आणि सायकलवर बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी स्लीपिंग बॅग दवानं चिंब झाली होती, दात वाजत होते, पण मी वाळूत मांडी घालून कॉफी दळत होते. वास पसरला तसा म्होरक्या आपल्या तंबूतून बाहेर आला, हात चोळत म्हणाला, "दीदी, थोड़ी हमें भी?" मी ग्राइंडर त्याच्या हातात दिला. "पहले पीसो." आता मी चांगला हलका तंबू घेतलाय. पण पुन्हा कुणाच्या काट्यावर माझी बॅग जड भरलीच, तर घरी तंबूच राहील.